खगोलशास्त्राचे मोफत ऑनलाइन कोर्स: आम्हाला सारखे येणारे प्रश्न

अमावस्येच्या जवळच्या शनिवारी आमचा आठ-दहा जणांचा गट आकाशदर्शनाला जातो. सोबत दर वेळी नवीन मंडळी असतात. रविवारी दुपारपासून व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात. त्यांतले निम्मे तरी ‘घरबसल्या शिकायचं कुठे?’ असे असतात. तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून हे पान. विचारणाऱ्यांत भौतिकशास्त्राचे विद्यार्थी कमीच. संस्कृतच्या बाई, बँकेतून निवृत्त झालेले काका, कोडिंग करणारी पोरं, भूगोलाचे सर असेच लोक जास्त. आमचं मत विचाराल तर त्यांनी आपल्या विषयाच्या दारातूनच आत यावं.

१. हे कोर्स म्हणजे यूट्यूबवरचे व्हिडिओच ना? मग वेगळं काय?

काही खरंच व्हिडिओच आहेत. येल विद्यापीठाने २००७ साली वर्गात कॅमेरा लावून चार्ल्स बेलिन यांची २४ व्याख्यानं रेकॉर्ड केली आणि ‘ओपन येल’वर ठेवली. एमआयटीच्या ‘ओपनकोर्सवेअर’वर टिपणं, गृहपाठ आणि जुन्या परीक्षा मिळतात. इथे नाव नोंदवावं लागत नाही आणि तुम्ही आलात की गेलात हेही कोणी विचारत नाही.

दुसरा प्रकार कोर्सेरा, एडएक्स यांच्यासारख्या व्यासपीठांचा. तिथे आठवड्याचे धडे, मध्ये छोटे प्रश्न आणि शेवटी चाचणी असते. तिसरा आपल्याकडचा: आयआयटी आणि आयआयएससीचं एनपीटीईएल आणि केंद्र सरकारचं ‘स्वयम’. त्याला तारखा असतात, असाइनमेंट असतात आणि हवी असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षाही असते.

सुट्या व्हिडिओंपेक्षा फायदा क्रमाचा. कृष्णविवरावरचे चाळीस व्हिडिओ बघितलेल्या माणसाला वर्णपट (प्रकाश त्याच्या रंगांत फाकवून मिळणारा पट्टा) म्हणजे काय हे सांगता येत नाही, असं आम्ही बरेचदा पाहिलंय.

२. फुकट म्हणता, मग कार्डाचा नंबर कशाला मागतात?

‘फुकट’चे थर आहेत. ओपन येल आणि ओपनकोर्सवेअर सगळंच फुकट. एनपीटीईएलवर शिकणं, असाइनमेंट आणि शंका विचारणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे (गेली काही वर्षं एका कोर्सला साधारण १००० रुपये). एडएक्सवर ‘ऑडिट’ (सर्टिफिकेटशिवाय फुकट शिकणं) घेतलं तर धडे दिसतात, पण गुणांच्या चाचण्या बंद असतात आणि काही आठवड्यांनी दारही बंद होतं. कोर्सेरावर पूर्वी ऑडिट सर्रास मिळायचं. आता बऱ्याच कोर्सांत पहिला भाग तेवढा उघडा असतो. पुढचं हवं आणि पैसे नसतील, तर ‘फायनान्शियल एड’चा अर्ज भरायचा. परिस्थिती खरी लिहायची. उत्तर यायला साधारण दोन आठवडे जातात.

कार्ड मागितलं म्हणजे ती सात दिवसांची ट्रायल आहे, असं समजा. आमच्यातल्या एकाने अशीच एका संकेतस्थळावर ट्रायल घेतली आणि विसरला. आठव्या दिवशी सकाळी बँकेचा मेसेज आला आणि चहा गार झाला. घ्यायचीच असेल तर त्याच मिनिटाला मोबाइलमध्ये सहाव्या दिवसाचा गजर लावा.

३. विज्ञान दहावीनंतर सुटलं. सुरुवात कुठून करू?

इंग्रजी बऱ्यापैकी कळत असेल, तर ॲरिझोना विद्यापीठाचे ख्रिस इम्पी यांचा ‘ॲस्ट्रॉनॉमी: एक्सप्लोरिंग टाइम अँड स्पेस’ (कोर्सेरा). दुर्बिणींपासून विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत सगळं येतं आणि गणिताचा धाक नाही. मोजकेच विषय खोलात हवे असतील, तर प्रश्न १ मधला येलचा. त्यात बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह), कृष्णविवरं आणि डार्क एनर्जी (विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) एवढे तीनच विषय आहेत. बेलिन सर वर्गात चुका करतात, फळ्यावर खोडतात, पोरांच्या प्रश्नांवर अडतात. तेच आम्हाला आवडतं.

सोबत वाचायला ओपनस्टॅक्सचं ‘ॲस्ट्रॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तक पूर्ण मोफत उतरवून घेता येतं. व्हिडिओ समजला नाही की त्याचं प्रकरण काढायचं.

४. गणित किती लागेल? खरं सांगा.

सुरुवातीच्या कोर्सना भागाकार, दहाचे घातांक आणि थोडी त्रिकोणमिती पुरते. एक उदाहरण करूनच बघा.

एसटीच्या खिडकीतून बघताना रस्त्याकडेची झाडं सर्रकन मागे जातात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा जवळचा तारा असाच लांबच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकतो. सहा महिन्यांत जेवढा सरकला त्याचा निम्मा कोन म्हणजे पॅरॅलॅक्स, मराठी पुस्तकांतला ‘पराशय’. तो विकलांत (कलेचा साठावा भाग, म्हणजे अंशाचा ३६०० वा) मोजायचा आणि १ ला त्याने भागायचं, की अंतर पार्सेकमध्ये मिळतं. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा. त्याचा पराशय ०.७६८ विकला. १ भागिले ०.७६८ म्हणजे १.३ पार्सेक. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, म्हणून अंतर सुमारे ४.२४ प्रकाशवर्षं.

एवढं जमलं तर पहिल्या पातळीचा कोर्स जमेल. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागतं ते एनपीटीईएलच्या ‘ॲस्ट्रोफिजिक्स’ किंवा ‘कॉस्मॉलॉजी’ नावाच्या कोर्सना. ते बीएस्सी-एमएस्सीच्या पातळीचे आहेत. मोफत दिसतात म्हणून उडी मारू नका.

५. मराठीत काही आहे का?

सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत शिकवणारा आणि असाइनमेंट असलेला खगोलशास्त्राचा कोर्स आम्ही अजून कोणाला सुचवू शकलेलो नाही. मराठीत व्याख्यानं आणि लेख भरपूर आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून. यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.

इंग्रजी कोर्सच घ्यायचा तर यूट्यूबवर सबटायटलचं आपोआप मराठी भाषांतर चालू करता येतं. गमतीजमती होतात, आमच्याकडे एकदा ‘स्टार’चा ‘नट’ झाला होता, पण धागा सुटत नाही. आणखी एक युक्ती: पहिल्या आठवड्यात वहीच्या मागे शब्दांची यादी करा. वर्णपट (स्पेक्ट्रम), ताम्रसृती (रेडशिफ्ट), लघुग्रह (ॲस्टेरॉइड), अशनी (मीटिओराइट) असे तीस-चाळीस शब्द दोन्ही भाषांत जुळले की पुढचं इंग्रजी तेवढं अंगावर येत नाही.

६. मी संस्कृत (किंवा इतिहास) शिकवते. माझ्यासाठी यात काय आहे?

आमच्या मते तुमच्याच वाट्याला सगळ्यात चांगला माल आलाय. एनपीटीईएलवर ‘मॅथेमॅटिक्स इन इंडिया: फ्रॉम वेदिक पीरियड टू मॉडर्न टाइम्स’ हा कोर्स आहे. शिकवणारे एम. डी. श्रीनिवास, एम. एस. श्रीराम आणि के. रामसुब्रमणियन. नाव गणिताचं आहे, पण जुन्या भारतात गणित आणि ग्रहगणित एकाच घरात नांदत होतं. आर्यभटाची ज्यासारणी (साइनचा तक्ता) ग्रहांची स्थानं काढायलाच लागायची. भास्कराचार्यांची गणितावरची लीलावती त्यांच्याच सिद्धान्तशिरोमणी या ग्रहगणिताच्या ग्रंथाच्या (इ. स. ११५०) कुटुंबातली. पुढे केरळचा गणिती माधव याच्यापर्यंत जाता येतं. मूळ श्लोक पडद्यावर येतात आणि त्यांचा अर्थ लावला जातो. ज्यांना संस्कृत येतं त्यांना इथे आमच्यासारख्या इंजिनिअरांपेक्षा जास्त समजतं, हे आम्ही बघितलंय.

कोर्स करताना एक फेरी चाळीसगावजवळच्या पाटणची करा. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा उल्लेख आहे. लेख १२०७ सालचा. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. व्हिडिओत ‘सिद्धान्तशिरोमणी’ ऐकणं वेगळं आणि ते शिकवण्यासाठी मठ जिथे निघाला त्या गावात उभं राहणं वेगळं.

पुरातत्त्वात रस असेल, तर मिलानच्या पॉलिटेक्निकचे जुलिओ माल्यी यांचा ‘आर्किओॲस्ट्रॉनॉमी’ (कोर्सेरा) बघा. स्टोनहेंज, इजिप्तचे पिरॅमिड अशा वास्तूंची दिशा आकाशाशी कशी ताडून बघायची ते त्यात येतं. कुठल्याही देवळाची कुठल्याही ताऱ्याशी सांगड घालणाऱ्यांना कसं ओळखायचं हेही कळतं. ते जास्त उपयोगी.

७. भूगोल-भूगर्भशास्त्रातून खगोलशास्त्राकडे येता येतं का?

लोणारला गेला असाल तर तुम्ही आलेलाच आहात. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, बेसाल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात) अशनी आदळून झालेलं. चंद्रावरची काळी मैदानंही बेसाल्टचीच, म्हणून जगभरचे ग्रहवैज्ञानिक इथे येतात. आधी थर्मोल्युमिनेसन्सने (खडक तापवल्यावर निघणाऱ्या उजेडावरून वय काढायची पद्धत) त्याचं वय सुमारे ५० हजार वर्षं धरलं जायचं. नंतर आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दहापट फरक! तो का पडला हा प्रश्न डोक्यात ठेवून कॅल्टेकच्या माइक ब्राउन यांचा ‘द सायन्स ऑफ द सोलर सिस्टिम’ (कोर्सेरा) घ्या. मंगळावरचं पाणी, गुरूचं पोट, लघुग्रहांसारख्या छोट्या वस्तू आणि जीवसृष्टीची शक्यता असे चार भाग आहेत. एरिस ही प्लूटोएवढी दूरची वस्तू शोधून प्लूटोची ग्रहपदावरून गच्छंती घडवणारे हेच ते. चाचण्या सोप्या नाहीत. आमच्यातल्या भूगोलाच्या सरांना दुसऱ्या भागाने दोनदा परत पाठवलं.

८. मला पायथन येतं, आकाशातलं काही येत नाही.

सिडनी विद्यापीठाचा ‘डेटा-ड्रिव्हन ॲस्ट्रॉनॉमी’ (कोर्सेरा) तुमच्यासाठीच आहे. सहा आठवडे, पायथन आणि एसक्यूएल. पहिल्याच आठवड्यातली गंमत सांगतो. एका रेडिओ प्रतिमेत पल्सार (ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणारा, गरगर फिरणारा मृत तारा) दिसत नाही, नुसती खरखर दिसते. पण आकाशाच्या अशा शंभर तुकड्यांच्या मधोमध, जिथे पल्सार असायला हवेत तिथे, प्रतिमा एकावर एक ठेवून सरासरी काढली, तर खरखर एकमेकींना मारते आणि दहापट कमी होते. शंभराचं वर्गमूळ दहा. मग मधला ठिपका हळूच वर येतो. पुढचा प्रश्न प्रोग्रामरचा: हजारो प्रतिमांचा मध्यक काढायचा, पण सगळ्या एका वेळी मेमरीत मावत नाहीत. मग काय? इथे खगोलशास्त्र राहतं बाजूला आणि माणूस रात्री दोनपर्यंत जागा राहतो.

पायथन अजिबात येत नसेल, तर आधी महिनाभर ते शिका. हा कोर्स हात धरून शिकवत नाही.

९. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान?

जीवशास्त्राला एडिंबरा विद्यापीठाचे चार्ल्स कॉकेल यांचा ‘ॲस्ट्रोबायॉलॉजी’. तत्त्वज्ञानाला त्याच विद्यापीठाचा ‘फिलॉसॉफी अँड द सायन्सेस’ (भौतिक विज्ञानांचा भाग घ्या). डार्क मॅटर दिसत नसताना ते आहे असं म्हणण्याचा अधिकार वैज्ञानिकांना कुठून मिळतो, यावर त्यात चांगलं भांडण आहे. दोन्ही कोर्सेरावर. रसायनवाल्यांसाठी प्रश्न १६.

१०. हे केलं की पत्रिका बघता येईल का?

नाही. दर महिन्याला एक तरी मेसेज येतो, म्हणून स्पष्टच लिहितो. वर सांगितलेल्या एकाही कोर्समध्ये फलज्योतिष नाही. ‘ज्योतिष’ हा शब्द जुन्या ग्रंथांत ग्रहगणितासाठीही येतो, म्हणून घोळ होतो. शोधताना ‘ज्योतिष’ टाकलंत तर पत्रिकेचे अभ्यासक्रम समोर येतील. इग्नूचं तर २०२१ पासून ज्योतिषाचं एमए आहे. तुम्हाला ‘खगोलशास्त्र’ किंवा ‘खगोलभौतिकी’ टाकायचंय. एक मात्र खरं, की नक्षत्रं पाठ असलेल्या पंचांगवाल्या आजोबांना आकाशात मृग आणि कृत्तिका दाखवायला आमच्यापेक्षा कमी वेळ लागतो.

११. सर्टिफिकेटचा कॉलेजात उपयोग होतो का?

कोर्सेरा-एडएक्सचं सर्टिफिकेट बायोडेटात एक ओळ वाढवतं, बहुतेकदा तेवढंच. ‘स्वयम’वरचे कोर्स (एनपीटीईएलचेही) श्रेयांकासाठी धरता येतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स असे घेता येतात. पण ‘येतात’ आणि ‘आमचं कॉलेज घेतं’ यांत अंतर आहे. नोंदणी करण्याआधी विभागप्रमुखांकडून होकार लेखी घ्या. सत्र संपल्यावर घेतलेल्या होकाराला कागदाइतकीही किंमत नसते.

१२. एनपीटीईएलच्या काही असाइनमेंट चुकल्या. परीक्षा चांगली दिली तर चालेल ना?

इथेच बरेच जण फसतात. गुण १००: असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. पास व्हायला एकूण ४० पुरत नाहीत, असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० असे वेगवेगळे लागतात. समजा परीक्षेत ६० मिळाले आणि असाइनमेंटमध्ये ९. बेरीज ६९, सर्टिफिकेट नाही.

दिलासा एवढाच, की सगळ्या असाइनमेंट धरत नाहीत. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम ८ आणि ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम ६ धरतात. म्हणजे १२ पैकी चार चुकल्या तरी नुकसान नाही. पाचवी चुकवू नका. नियम त्या सत्राच्या पानावर पुन्हा बघून घ्या.

१३. माझी मुलगी आठवीत आहे. तिला चालेल का?

बहुतेक व्यासपीठांवर खातं उघडायला वय १३ लागतं, त्यामुळे शेजारी बसा. खरं सांगायचं तर आठवीतल्या मुलीला सहा आठवड्यांचा कोर्स लावण्यापेक्षा दर शनिवारी गच्चीवर न्या. रस टिकला तर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह मोफत आहेत. एकेक प्रश्न आठवडाभर पुरतो. खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच झालं. दुर्बीण लगेच घेऊ नका. १०×५० ची द्विनेत्री आणि ती टेकवायला भिंतीचा कठडा, एवढ्यावर गुरूचे चार चंद्र दिसतात.

मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल तर उत्तर वेगळं. इस्रोचा ‘स्टार्ट’ हा ऑनलाइन परिचय वर्ग पदव्युत्तर आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

१४. येलचा कोर्स २००७ चा. जुना नाही का झाला?

पाया जुना होत नाही. केप्लरचे नियम, वर्णपट, ताऱ्याचं आयुष्य तेच आहे. आघाडी मात्र पुढे सरकलीय. बेलिन सर शिकवत होते तेव्हा केप्लर दुर्बीण (२००९) उडालेली नव्हती, गुरुत्वीय लहरी (सप्टेंबर २०१५) पकडल्या गेल्या नव्हत्या, कृष्णविवराचं चित्र (एप्रिल २०१९) नव्हतं, जेम्स वेब अवकाश दुर्बीण (डिसेंबर २०२१) नव्हती. त्यामुळे बाह्यग्रहांचा भाग सगळ्यात जास्त शिळा आहे. तो झाल्यावर ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचा ‘एक्झोप्लॅनेट्स’ (एडएक्स) जोडा. शिकवणाऱ्या जोडीतले ब्रायन श्मिट २०११ च्या नोबेलचे मानकरी, तेही विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे दाखवल्याबद्दल.

आम्ही मात्र जुना कोर्स मुद्दाम बघायला सांगतो. ‘पुढे काय निघालं’ हे आपल्याला ठाऊक असतं आणि फळ्याजवळच्या माणसाला नसतं. वेगळीच मजा आहे.

१५. शाळेत दाखवता येईल का? मराठीत भाषांतर करून यूट्यूबवर टाकू का?

ओपन येल आणि ओपनकोर्सवेअर यांचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे: श्रेय द्या, धंदा करू नका आणि तुम्ही केलेलं रूपांतरही त्याच अटींवर खुलं ठेवा. म्हणजे शाळेत दाखवा, भाषांतर करा, पण त्या चॅनेलवर जाहिरातींचे पैसे घेऊ नका. मध्ये दुसऱ्याचं चित्र वापरलेलं असेल तर त्याचा हक्क वेगळा असतो. ओपनस्टॅक्सच्या पुस्तकाचा परवाना आणखी सैल आहे, श्रेय दिलं की पुरे. कोर्सेरा-एडएक्सचे व्हिडिओ मात्र उतरवून पुन्हा चढवायचे नाहीत.

१६. कोर्समध्ये म्हणतात हेलियम गुंटूरच्या ग्रहणात दिसला. आम्ही तर विजयदुर्गला ऐकलं होतं! खरं कोणाचं?

विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ (ग्रहण बघायच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे) पाहिलेल्या प्रत्येकाचा हा प्रश्न, आणि रागाने विचारलेला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारतावरून गेली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली. सोडियमच्या जोडरेषेच्या शेजारी, पण तिच्याशी न जुळणारी. गाइडांच्या गोष्टीतले ‘साहेब’, इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, त्या वेळी विजयदुर्गला नव्हते, इंग्लंडमध्ये होते. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट तिथून घेतला. ही पिवळी रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नाही असं म्हणणारे ते, म्हणून नाव सूर्यावरून पडलं. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅम्झी यांना तो युरेनियमच्या खनिजात मिळाला.

मग ओटे कुठले? लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. गाइड दोन ग्रहणांचं एक करतात, एवढंच. ओटे बघायला जरूर जा, आणि पाटीवर १८६८ लिहिलेलं दिसलं तर आम्हाला फोटो पाठवा.